चार रुपये पगाराच्या मास्तरीणबाई : जाईबाई चौधरी

जाईबाई चौधरी यांचा जन्म २ मे १८९२ रोजी नागपूर जिल्ह्यातल्या उमरेड इथे एका गरीब महार कुटुंबात झाला. त्या चार वर्षांच्या असताना, १८९६ मध्ये मोठा दुष्काळ पडला आणि घरातली माणसं पोट भरायला नागपूरला आली. शहरात आल्यामुळे मुलीला अक्षरओळख झाली. दुष्काळ नसता तर कदाचित तीही झाली नसती. १९०१ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचं लग्न बापूजी चौधरी यांच्याशी झालं. सासरीही गरिबीच होती. जाईबाई हमाली करू लागल्या. नागपूर ते कामठी अशी ओझी वाहायची, हे त्यांचं काम.

या हमालीच्या दिवसांत त्यांची गाठ मिस ग्रेगरी या मिशनरी बाईंशी पडली. ओझी वाहणाऱ्या या बाईला लिहिता-वाचता येतं, हे कळल्यावर त्यांनी जाईबाईंना मिशनच्या शाळेत शिक्षिकेचं काम मिळवून दिलं. पगार महिना चार रुपये.

डोक्यावर ओझं होतं तोवर जाईबाईंच्या जातीची कोणाला अडचण नव्हती. हातात खडू आला आणि अडचण सुरू झाली. मास्तरीण अस्पृश्य आहे हे समजताच सवर्ण पालकांनी गोंधळ घातला, मुलांना शाळेतून काढलं, आणि जाईबाईंची नोकरी गेली. अस्पृश्य मुलांना वर्गाबाहेर बसवल्याच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शिकवणाऱ्या बाईलाच बाहेर काढल्याची ही गोष्ट मात्र फार कमी सांगितली जाते. शाळा मिशनची होती, नेमणूक मिशनऱ्यांनी केली होती, तरी शेवटी चाललं ते जातीचंच.

जाईबाई परत हमालीकडे वळल्या असत्या तर त्यांना कोणी दोष दिला नसता. त्यांनी १९२२ मध्ये नागपुरात स्वतःची मुलींची शाळा काढली. नाव ठेवलं संत चोखामेळा कन्या शाळा. आजच्या बौद्ध तरुणांना हे नाव कदाचित खटकेल. पण १९५६ ची दीक्षा तेव्हा चौतीस वर्षं दूर होती, आणि विदर्भातल्या अस्पृश्य समाजात शाळा-वसतिगृहांना चोखोबांचं नाव देण्याची रीत होती. मंदिराबाहेर ठेवलेल्या माणसाचं नाव शाळेबाहेर काढलेल्या बाईंनी आपल्या शाळेला दिलं, यात आम्हाला तरी काही विसंगत वाटत नाही.

ऑगस्ट १९३० मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली नागपूरला अस्पृश्यांची अखिल भारतीय परिषद भरली. त्याच वेळी स्त्रियांचीही परिषद झाली. तिथे जाईबाई बोलल्या. मुलींना मुलांइतकीच शिकण्याची संधी हवी, मुलगी शिकली की घर शिकतं, हा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. शाळा चालवून आठ वर्षं झालेल्या बाईंचं ते बोलणं होतं, तेव्हा त्याला अनुभवाचा आधार होता.

सर्वांत जास्त बोचणारा प्रसंग पुढचा आहे. अखिल भारतीय महिला परिषद ही संस्था १९२७ मध्ये पुण्यात सुरू झाली, आणि तिचा मूळ विषयच स्त्रीशिक्षण हा होता. तिचं अधिवेशन डिसेंबर १९३७ मध्ये नागपूरला भरलं. जाईबाई तिथे गेल्या. मुलींची शाळा चालवणाऱ्या बाईंनी स्त्रीशिक्षणाच्या परिषदेला जाणं साहजिकच होतं. जेवणाच्या वेळी मात्र त्यांना वेगळं बसवण्यात आलं. हे करणाऱ्या बाया अडाणी नव्हत्या. शिकलेल्या, स्त्रियांच्या हक्कांवर भाषणं देणाऱ्या होत्या.

अमेरिकेतल्या काळ्या स्त्रियांनी हाच अनुभव घेतला आहे. आयडा बी. वेल्स गुलामीत जन्मल्या, शिक्षिका झाल्या आणि पुढे पत्रकार म्हणून नावाजल्या. ३ मार्च १९१३ रोजी वॉशिंग्टनला स्त्रियांच्या मताधिकारासाठी मोठा मोर्चा निघाला, तेव्हा काळ्या स्त्रियांनी मागे चालावं असं त्यांना गोऱ्या बायांनी सांगितलं. वेल्स यांनी ते मानलं नाही. मोर्चा सुरू झाल्यावर त्या गर्दीतून पुढे आल्या आणि आपल्या राज्याच्या गोऱ्या स्त्रियांच्या रांगेत चालू लागल्या. वर्णाचा आणि बाईपणाचा असा दुहेरी जाच तिकडे होता, इकडे जातीचा आणि बाईपणाचा.

जाईबाई आणि त्यांच्या सोबतिणी वेगळ्या वाटेने गेल्या. पंगतीत जागा मागत बसण्याऐवजी १ जानेवारी १९३८ रोजी अस्पृश्य स्त्रियांनी नागपुरात निषेधाची सभा घेतली. मोठ्या संख्येने बाया जमल्या. अधिवेशन होऊन जेमतेम काही दिवस झाले होते. फोन नाही, हाताशी वाहन नाही, आणि मोलमजुरी करणाऱ्या बाया इतक्या लवकर एकत्र येतात, यावरून त्या वस्त्यांमधली बांधणी किती पक्की असेल याचा अंदाज येतो. आजच्या कार्यकर्त्यांनी हे जरा बारकाईने पाहावं.

पुढे २० जुलै १९४२ रोजी नागपूरलाच अखिल भारतीय दलित महिला परिषद झाली. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे, आणि सुमारे पंचवीस हजार स्त्रिया आल्या होत्या.

जाईबाईंची ही कहाणी आज आपल्यापर्यंत पोहोचते ती ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्यामुळे. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या आठवणी गोळा करून त्यांनी १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक काढलं. आमच्या मते प्रत्येक विहारात ते असायला हवं.

१९४२ च्या परिषदेतल्या ठरावांपैकी एक आम्हाला रिठदमध्ये बसून विशेष जवळचा वाटतो. मुलींसाठी वसतिगृहं काढावीत, ही ती मागणी. वाशीम जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या गावात बारावी झालेल्या मुलीला पुढे पाठवायचं की नाही, याची चर्चा घराघरांत होते. मार्क किती पडले हा प्रश्न लवकर मिटतो. मग बोलणं खोलीच्या भाड्यावर येतं, एसटीच्या वेळेवर येतं, वसतिगृहाच्या यादीत नाव लागेल का यावर येतं. बरेचदा ते तिथेच थांबतं, आणि मुलगी सोयाबीन सोंगायला आईसोबत वावरात जाते.