न्यूटनचे दुसरे गणित

इंद्रधनुष्याच्या सात रंगांची सप्तस्वरांशी सांगड घालणारा न्यूटन (१६४२–१७२७) आम्हां गाणे शिकविणाऱ्यांना जवळचा वाटतो. बायबलातील भविष्यकथनांवरही त्याने वर्षानुवर्षे खल केला, हे मला फार उशिरा कळले. दानीएलाच्या चौथ्या श्वापदाची दहा शिंगे म्हणजे पश्चिम रोमन साम्राज्य फुटून झालेली राज्ये आणि लहान शिंग म्हणजे रोमची धर्मसत्ता, असा अर्थ त्याने लाविला. पोपची राजसत्ता इ. स. ८०० पासून धरून, दिवसाचे वर्ष मानून, १२६० वर्षे मोजिली. उत्तर आले २०६०. तो कागद त्याने छापिला नाही. जगबुडीच्या तारखा खोट्या ठरल्या की धर्मग्रंथालाच बोल लागतो, हे त्याला सलत असे. त्याचे विवेचन मरणोत्तर १७३३ साली निघाले. ज्याला मोजता येत होते, त्यानेच जीभ आवरली!