ट्यूबच्या नकाशामागचा माणूस



लंडनला नवीन आलेला माणूस सर्वात आधी ट्यूबचा नकाशा वाचायला शिकतो. तो काढणाऱ्या हॅरी बेक यांची ही थोडक्यात ओळख.

जन्म ४ जून १९०२, लेटन, लंडन. अंडरग्राउंडच्या सिग्नल विभागात ते ड्राफ्ट्समन होते. तेव्हाचे नकाशे भूगोलाबरहुकूम, त्यामुळे मध्य लंडनमध्ये नुसता गुंता! १९३१ मध्ये बेक यांनी फावल्या वेळात वेगळाच नकाशा काढला. जमिनीखालून जाणाऱ्याला खरं अंतर कशाला हवं? गाडी कुठे बदलायची ते कळलं की पुरे. म्हणून रेषा फक्त आडव्या, उभ्या आणि ४५ अंशांत तिरक्या. मधला भाग मोठा, उपनगरं जवळ ओढलेली. जमिनीवरची खूण एकच, थेम्स नदी. आम्हा इंजिनिअर लोकांना सर्किट डायग्रामच आठवतो!

साहेबांनी आधी तो नाकारला. बेक यांनी पुन्हा दिला. जानेवारी १९३३ मध्ये तो छापला गेला आणि लोकांनी उचलून धरला. (तोटा एवढाच, की लेस्टर स्क्वेअर ते कोव्हेंट गार्डन हे जेमतेम २६० मीटर अंतरही नवखा माणूस ट्यूबने जातो!)

पुढे पाव शतकाहून अधिक काळ बेक तो सुधारत राहिले. १९६० मध्ये मात्र नवा नकाशा दुसऱ्याच्या नावाने आला. बेक अनेक वर्षं भांडले, पण व्यर्थ. १८ सप्टेंबर १९७४ रोजी ते गेले.

त्यांच्या जन्मघरावर २०१३ मध्ये निळी पाटी लागली. नकाशाच्या कोपऱ्यातही आता बारीक अक्षरांत त्यांचं नाव असतं. पुढच्या वेळी गाडीची वाट बघताना नक्की शोधा!