डॉक्टर लूसी विल्स

विद्यार्थ्यांनो, रत्नागिरीच्या कितीतरी घरांतली माणसे पूर्वी आगबोटीने मुंबईला जात आणि तेथील कापडगिरण्यांत काम करीत. त्याच मुंबईत १९२८ साली इंग्लंडहून एक डॉक्टर बाई आल्या. त्यांचे नाव लूसी विल्स.

लूसी यांचा जन्म १० मे १८८८ रोजी झाला. केंब्रिजमध्ये त्या वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकल्या. तेथे त्या काळी स्त्रियांना परीक्षा देता येई, पण पदवी मिळत नसे. पहिल्या महायुद्धात त्यांनी दक्षिण आफ्रिकेत परिचारिकेचे काम केले. मग त्या लंडनला वैद्यक शिकल्या आणि वयाच्या बत्तिसाव्या वर्षी डॉक्टर झाल्या.

मुंबईत तेव्हा अनेक गरीब गरोदर स्त्रियांना एक प्रकारचा रक्तक्षय होत असे. चेहरा पांढराफटक पडे, दम लागे. काही स्त्रिया दगावत. लूसी परळच्या हाफकिन संस्थेत राहून या रोगाचा शोध घेऊ लागल्या. त्यांनी रक्त तपासलेच, शिवाय या स्त्रिया रोज काय खातात याचीही चौकशी केली. हा रोग गरीब मुसलमान स्त्रियांत सर्वांत जास्त होता आणि त्यांचाच आहार सर्वांत निकृष्ट होता. लूसी यांनी तसाच आहार माकडांना दिला. माकडेही आजारी पडली. मग त्यांनी यीस्टचा एक स्वस्त अर्क देऊन पाहिला. माकडे बरी झाली. स्त्रियांनाही गुण आला. हे संशोधन १९३१ साली प्रसिद्ध झाले.

त्या अर्कात असे काय होते? ते होते फॉलिक आम्ल. हे नाव त्याला पुढे, १९४१ साली मिळाले.

आता हे नीट समजून घ्या. प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा लांब धागा असतो. पेशीने कसे वागावे, हे त्या धाग्यावर ठरते. एका पेशीच्या दोन पेशी होताना नवा धागा तयार व्हावा लागतो. त्यासाठी फॉलिक आम्ल हवे. ते कमी पडले, की धाग्यात चुकीचे टाके पडतात. पेशी ते टाके उसवून दुरुस्ती करते. पण चुका फार झाल्या, तर उसवता उसवता धागाच तुटतो! मग पेशी फुगते, पण तिच्या दोन पेशी होत नाहीत. रक्त कमी पडते ते यामुळेच.

गंमत पाहा. रोगजंतूंनाही हेच लागते. आपण ते अन्नातून घेतो, पण बहुतेक जंतू ते स्वतः तयार करतात. सल्फा औषधे जंतूंचे हे काम अडवतात. ट्रायमेथोप्रिम हे औषध त्याच कामाची पुढची पायरी रोखते. त्यामुळे जंतूंचा डीएनए तुटू लागतो. जंतूही दुरुस्तीची धडपड करतात. त्या घाईत चुका होतात, आणि एखाद्या चुकीमुळे जंतू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. म्हणून अशी औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

डॉक्टर लूसी १९६४ साली वारल्या. शाळांतून आठवड्याला जी निळी गोळी दिली जाते, तिच्यात लोह आणि फॉलिक आम्ल असते. ती गोळी दप्तरात टाकून विसरू नका. आणि घरी पालेभाजी, चवळी किंवा डाळ शिजली, तर आईच्या ताटातही ती पुरेशी पडली का, हे अवश्य पाहा.