ओपलमधली हाडे ओळखणारा माणूस

रत्नपारख्याच्या हाती ओपल दिला, तर तो आधी त्यातला रंगांचा खेळ पाहील. फ्रिडरिश फॉन ह्यूने यांनी मात्र ओपलमध्ये हाड पाहिले.

१८७५ साली जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने सारे आयुष्य डायनोसॉरच्या अभ्यासाला वाहिले. ऑस्ट्रेलियातील लायटनिंग रिज या ओपलच्या खाणींच्या गावातले काही तुकडे लंडनच्या संग्रहालयात पोहोचले होते. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी तेथे प्राणी गाळात गाडले गेले. कित्येक हाडे विरघळली, उरलेल्या पोकळीत सिलिकायुक्त पाणी झिरपले आणि हाडाच्याच आकाराचा ओपल तयार झाला. अशा तुकड्यात आतली रचना उरत नाही. तो ओळखायचा सांध्याचा गोलावा, खाचा आणि कंगोरे पाहून.

१९३२ साली ह्यूने यांनी पुढच्या पंजाच्या एका हाडाला 'रॅपेटर', शेपटीच्या मणक्याला 'वॉलगेटोसुकस' आणि मांडीच्या हाडाच्या तुकड्याला 'फुल्ग्युरोथेरियम' अशी नावे दिली. पुढच्याच वर्षी चार्ल्स मॅटली यांच्यासह त्यांनी आपल्या जबलपूरच्या डायनोसॉरवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्यांचाही एक अंदाज चुकला. मांसाहारी डायनोसॉरांत घातलेला फुल्ग्युरोथेरियम पुढे शाकाहारी ठरला. एवढ्याशा तुकड्यावरून स्वतंत्र जात ठरवणेही आता धाडसाचे मानतात.

१९६९ साली ह्यूने ट्यूबिंगेनमध्येच वारले. त्यांची चूक सुधारता आली, कारण तो तुकडा जपला गेला होता. पैलू पाडून अंगठीत बसवला असता, तर ती चूक कधी कळलीच नसती.