न्यायमूर्ती रानडे आणि सलोख्याची परीक्षा

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे नाव घेतले की आपल्याला प्रार्थना समाज, सामाजिक परिषद आणि अर्थशास्त्रावरील त्यांचे निबंध आठवतात. परीक्षेतही बहुधा तेवढेच विचारले जाते. पण त्यांच्या आयुष्याची आणखी एक बाजू आहे. तंटे आपसांत मिटवण्याची एक मोठी योजना सरकारने सुरू केली होती, आणि तिच्याखाली न्याय नीट होतो की नाही हे तपासण्यात रानड्यांची उमेदीची वर्षे गेली. या कामाच्या उंबरठ्यावर ते आपल्या धुळ्यात होते, म्हणून खानदेशच्या विद्यार्थ्याने तरी ही बाजू सांगावी असे मला वाटले.

त्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे झाला. बालपण कोल्हापुरात गेले आणि पुढचे शिक्षण मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये झाले. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत ते होते. कायद्याची पदवी १८६६ साली मिळाली आणि १८७१ मध्ये ते न्यायाधीश म्हणून पुण्यास आले. तेथे १८७० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचे ते मार्गदर्शक बनले. सभेचे चालक गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांनी लोकांचे तंटे कचेरीबाहेर मिटावेत म्हणून लवाद कोर्टाचा उपक्रम केला होता. सरकारी न्यायासनावर बसणाऱ्या रानड्यांना ही दुसरी वाट अशी जवळून पाहायला मिळाली.

त्या काळी दख्खनचा शेतकरी कर्जात बुडाला होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव १८६५ नंतर उतरले. सावकाराचे खत मात्र तसेच राहिले. फिर्याद झाली की शेतकरी कोर्टात जात नसे आणि एकतर्फी हुकूमनामा होई. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे दंगा उसळला व लोकांनी कर्जरोखे जाळले. पाठोपाठ दुष्काळ आला. अखेर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता.

त्याच वर्षी, मे महिन्यात, पुण्यातील बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांना आग लागली. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचे ते दिवस होते. सरकारला रानड्यांविषयी संशय आला आणि त्यांची तडकाफडकी धुळ्यास बदली झाली. खानदेश तेव्हा एकच जिल्हा होता व धुळे हे त्याचे मुख्य ठाणे होते. तेथे त्यांच्या टपालावरही पाळत असे. रानडे यांनी तक्रारीचा सूर न काढता आपले काम चालू ठेवले. पुढे संशय फिटला, आणि ज्यांची पत्रे फोडून पाहिली जात त्यांनाच सरकारने १८८१ मध्ये इतरांच्या न्यायाची दप्तरे तपासण्यास नेमले! या कायद्याचे विशेष न्यायाधीश डॉ. पोलेन यांचे ते साहाय्यक झाले आणि १८८७ साली त्यांच्याच जागी आले.

या कायद्यात एक नवी गोष्ट होती. शेतकऱ्याशी संबंधित दावा लावण्यापूर्वी सरकारने नेमलेल्या स्थानिक गृहस्थापुढे सलोख्याचा प्रयत्न करावा लागे. सलोखा झाला तर त्या कराराला हुकूमनाम्याचे बळ येई. न झाल्यास तसा दाखला मिळे व मगच कोर्टाची पायरी चढता येई. दावा कोर्टात गेला तर न्यायाधीशाने केवळ रोख्यावरचा आकडा न पाहता देण्याघेण्याचा इतिहास मुळापासून तपासायचा होता. खालच्या कोर्टांची दप्तरे पाहणे आणि चुकलेले निवाडे दुरुस्त करणे हे वरच्या तपासनिसांचे काम. रानडे त्यासाठी वर्षातील बराच काळ तालुक्यांतून दौऱ्यावर असत.

मला येथे या साऱ्याचे मर्म दिसते. किती सलोखे झाले आणि किती दाखले दिले, हे वहीत मोजता येते. पण निरक्षर कुळाने सावकाराची सगळी मागणी मुकाट्याने कबूल केली, तरी वहीत तो सलोखाच! शेतकऱ्याची जमीन राहिली का, हिशेब त्याला समजला का, पुन्हा नवे खत लिहावे लागले का, हे आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी मूळ कागद उघडावा लागतो आणि त्या गावी जावे लागते. रानडे १८९३ मध्ये उच्च न्यायालयात गेले ते हा अनुभव गाठीशी बांधून. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले.

हा प्रश्न जुना झालेला नाही. महाराष्ट्रात २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम निघाली. तीत गावांना गुण व बक्षिसे होती. व्यापारी दाव्यांत दाव्यापूर्वीची मध्यस्थी २०१८ मध्ये सक्तीची झाली, तर २०२३ साली मध्यस्थीचा स्वतंत्र कायदाही आला. लोकअदालत झाली की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात निकाली प्रकरणांचा आकडा छापून येतो. आकडा हवाच, पण गुणांसाठी एखाद्या दुबळ्याला, विशेषतः घरातल्या बाईला, गप्प बसवले गेले नाही ना, हेही कोणीतरी पाहिले पाहिजे. आपल्यापैकी समाजशास्त्राचे व अर्थशास्त्राचे विद्यार्थी दरवर्षी गावपाहणीला जातात. प्रश्नावलीत एक प्रश्न वाढवावा : तंटा मिटून वर्ष झाले, आता दोन्ही घरांचे कसे चालले आहे? उत्तर मात्र दोन्ही घरी जाऊन, वेगवेगळे घ्यावे.