पिएर जानरे : चंदीगढच्या खुर्चीमागचा माणूस

लंडन, पॅरिस वा न्यूयॉर्कमधील लिलावगृहांच्या सूची चाळताना एक खुर्ची हमखास दृष्टीस पडते. सागवानी लाकूड, बैठकीला आणि पाठीला विणलेला वेत, दोन्ही बाजूंना हात टेकण्यासाठी सपाट फळी आणि कंपासपेटीतल्या कर्कटकासारखे फाकलेले पाय. भारतात सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवलेल्या कोणालाही ती ओळखीची वाटेल. तिच्यापुढे लिहिलेली हजारो डॉलरची किंमत मात्र ओळखीची वाटणार नाही. नावाच्या जागी असते पिएर जानरे, आणि स्थळाच्या जागी चंदीगढ.

जानरे यांचा जन्म २२ मार्च १८९६ रोजी जिनिव्हात झाला. तेथील कलाशाळेत वास्तुकलेचे शिक्षण घेऊन ते पॅरिसला आले आणि १९२२ मध्ये आपल्या चुलतभावाच्या कार्यालयात रुजू झाले. हा भाऊ त्यांच्यापेक्षा सुमारे साडेआठ वर्षांनी मोठा. त्याचे मूळ नाव चार्ल्स-एदुआर जानरे. जग त्याला ल कॉर्बुझिए म्हणून ओळखते. दोघांचे स्वभाव दोन टोकांचे होते. थोरला भाऊ जाहीरनामे लिहिणारा, व्यासपीठ गाजवणारा आणि वाद ओढवून घेणारा, तर धाकटा अबोल, आराखड्याच्या फळीवर वाकून कल्पनेला मापे देणारा. पॅरिसजवळची प्रसिद्ध व्हिला सावॉय या दोघांच्या कार्यालयातून साकारली. शार्लोत पेरियाँ या तरुण सहकारी आल्यानंतर पोलादी नळ्यांच्या ज्या खुर्च्या तेथे घडल्या, त्यांवरही तिघांचा हक्क आहे. पण लोकांच्या तोंडी एकच नाव राहिले. जानरे यांनी त्याबद्दल कधी जाहीर तक्रार केल्याचे दिसत नाही.

भागीदारी तुटली ती दुसऱ्या महायुद्धात. १९४० मध्ये फ्रान्स पडला. ल कॉर्बुझिए यांनी जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या व्हिशी सरकारकडे कामासाठी धाव घेतली. जानरे ग्रेनोबलला गेले आणि प्रतिकार चळवळीत सामील झाले. मवाळ समजल्या गेलेल्या या माणसाचा कणा कोठे होता, हे त्या वर्षांत कळले. वास्तुकलेच्या इतिहासात या प्रसंगाला जेवढी जागा मिळते, त्याहून बरीच अधिक मिळायला हवी, असे माझे मत आहे. युद्धकाळात आणि त्यानंतर त्यांचे मन लाकडात अधिक रमले. अमेरिकेतील नोल कंपनीसाठी त्यांनी कात्रीसारख्या पायांची एक लाकडी खुर्ची तयार केली. पुढे चंदीगढला जे पाय दिसतात, ते या खुर्चीचे नातलग म्हणता येतील.

इकडे भारतात फाळणीने लाहोर पाकिस्तानात गेले आणि पंजाबला राजधानीच उरली नाही. नव्या शहराचा पहिला आराखडा अमेरिकेचे अल्बर्ट मेयर आणि त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी यांनी केला. १९५० मध्ये विमान अपघातात नोविकी गेले. मग प्रशासक पी. एन. थापर आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा नव्या वास्तुविशारदाच्या शोधात युरोपात फिरले. लंडनचे मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू हे दांपत्य, ल कॉर्बुझिए आणि जानरे असे चौघे ठरले. ल कॉर्बुझिए वर्षातून दोनदा, महिना-महिनाभर येणार होते. बाकीच्यांनी जागेवर राहून शहर उभारायचे होते. दुरावलेले भाऊ या निमित्ताने पुन्हा एकत्र आले. फ्राय आणि ड्रू तीन वर्षांनी परतले. जानरे राहिले, तेही थोडेथोडके नव्हे, चौदा वर्षे. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. मुदतीवर आलेला माणूस मुदत संपल्यावर का थांबतो, याचे उत्तर त्याला स्वतःलाही नेमके देता येतेच असे नाही.

त्यांच्या वाट्याला शहराचा रोजचा भाग आला. विधानसभा, सचिवालय आणि उच्च न्यायालय ही भव्य शिल्पे थोरल्या भावाची. शाळा, दुकाने आणि वसाहती बव्हंशी या तिघांच्या आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांच्या. मुख्यमंत्र्यांपासून शिपायापर्यंत शासकीय घरांचे तेरा प्रकार ठरले होते. जानरे यांनी वीट, झरोके आणि जाळ्या यांच्या साहाय्याने ऊन अडवून वारा आत घेणारी घरे काढली. पंजाब विद्यापीठातील पाण्यात उमललेल्या कमळासारखे गांधी भवन ही त्यांची सर्वांत देखणी वास्तू. त्यांच्या हाताखाली भारतीय वास्तुविशारदांची एक पिढी तयार झाली. एम. एन. शर्मा, आदित्य प्रकाश, जीत मल्होत्रा, युली चौधरी यांच्या बरोबरीने त्या पहिल्या तुकडीत ए. आर. प्रभावळकर आणि जे. एस. देठे ही नावेही आढळतात.

इमारती उभ्या राहिल्या तसा साधा प्रश्न पुढे आला : हजारो कर्मचारी बसणार कशावर? पोलादी नळ्या महाग होत्या आणि पंजाबच्या उन्हाळ्यात तापणाऱ्याही. जानरे यांनी हाताशी होते तेच घेतले. सागवान वाळवीला दाद देत नाही आणि पावसाळ्यातल्या दमटपणात फारसे वाकत नाही. वेताच्या विणीतून हवा खेळते, त्यामुळे घामेजलेली पाठ चिकटत नाही. वीण फाटली तर ती तेवढीच काढून नवी घालता येते. बैठक आणि पाठ या दोन वेगळ्या चौकटी, त्यांना आधार देणारे दोन्ही बाजूंचे फाकलेले पाय, आणि सांधे असे की साध्या हत्यारांवर काम करणाऱ्या सुताराला ते जमावेत. एकच कारखाना नव्हता. आराखडे निरनिराळ्या कार्यशाळांकडे जात. म्हणूनच एका खुर्चीचा पाय जाड, दुसरीचा बारीक. एकीची फळी गोलसर, दुसरीची धारदार. या आराखड्यांत युली चौधरी यांचाही मोठा वाटा होता. स्वतःसाठी जानरे बांबू आणि दोरीचे फर्निचर करीत.

पुढे ते पंजाब सरकारचे मुख्य वास्तुविशारद झाले. १९६५ च्या ऑगस्टमध्ये ढासळत्या प्रकृतीमुळे त्यांनी चंदीगढ सोडले. त्याच महिन्याच्या २७ तारखेला ल कॉर्बुझिए भूमध्य समुद्रात पोहताना गेले. जानरे यांचे निधन जिनिव्हात ४ डिसेंबर १९६७ रोजी झाले. त्यांच्या इच्छेनुसार पुतणीने १९७० मध्ये त्यांच्या अस्थी चंदीगढला आणल्या आणि सुखना तलावात विसर्जित केल्या.

खुर्च्या मात्र कचेऱ्यांतच राहिल्या. वेत फाटला, नवे फर्निचर आले आणि जुन्या खुर्च्या गच्च्यांवर आणि आवारांत ढिगाने पडल्या. सरकारी नियमाप्रमाणे त्यांचे भंगार म्हणून लिलाव झाले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस फ्रेंच व्यापारी तेथे पोहोचले. त्यांनी रीतसर बोली लावून माल उचलला, युरोपात नेऊन घासून-पुसून नवा वेत विणून घेतला आणि विकला. याला चोरी म्हणता येत नाही. विकणाऱ्याला वस्तूची पारख नव्हती, घेणाऱ्याला होती. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने अशा वारसा-वस्तूंच्या विक्रीला आणि निर्यातीला मनाई करणारा आदेश काढला. पण १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झाल्याशिवाय अशी वस्तू पुरावशेष ठरत नाही. १९५५ ची खुर्ची २०५५ पर्यंत त्या संरक्षणाबाहेरच राहणार.

मला या साऱ्यात किमतीपेक्षा नावाची गोष्ट अधिक खुपते. आयुष्यभर भावाच्या नावाखाली झाकला गेलेला माणूस आता लिलावाच्या सूचीत ठळक अक्षरांत छापला जातो, आणि त्याच्या नावाखाली युली चौधरी व त्या कार्यशाळांतले सुतार आणि वेत विणणारे कारागीर झाकले जातात. त्यांच्यापैकी फारच थोड्यांची नावे नोंदली गेली. खुर्चीच्या मागच्या बाजूला एखाद्या कारकुनाने रंगाने घातलेला खात्याचा संक्षेप आणि अनुक्रमांक तेवढा बहुधा शिल्लक असतो. तो क्रमांक पूर्वी जडवस्तू नोंदवहीत मोजणी जुळावी म्हणून घातला जाई. आज खुर्ची अस्सल असल्याची खूण म्हणून व्यापारी तो पुसू देत नाहीत.