कै. जानकीदेवी बजाज : संसार आणि सूत

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी एका थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे अध्यक्षाबाईंनी मला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. विदुषींविषयी लिहिण्याचा माझा अधिकार नाही. पण वर्ध्याच्या कै. जानकीदेवी बजाज ह्यांनाही शाळेचे शिक्षण फारसे लाभले नव्हते. म्हणून त्यांच्याविषयी लिहिण्याचे धाडस करते.

माझे सासर मोहाडी तालुक्यातले, कोष्ट्यांचे. सासूबाई सकाळचा स्वयंपाक आटोपला की उकडलेली कोसाफळे पुढ्यात घेऊन बसत व चार-पाच कोशांचे तंतू एकत्र करून मांडीवर धागा वळीत. त्यांच्या मांडीला घट्टा पडला होता. मधेच पोर रडले की उठायचे, पाव्हणा आला की उठायचे. कापड विकले की पैसा मागावर बसणाऱ्याच्या हाती येई. तुम्ही काय करता, असे कुणी विचारले तर सासूबाई सांगत की, काही नाही, घरीच असते. ते उत्तर माझ्या मनात सलत राहिले.

जानकीदेवींचा जन्म ७ जानेवारी १८९३ रोजी माळव्यातील जावरा येथे झाला. वयाच्या नवव्या वर्षी, १९०२ साली, त्यांचा विवाह जमनालालजी बजाज ह्यांच्याशी झाला व त्या वर्ध्याच्या श्रीमंत घरात सून म्हणून आल्या. अंगावर सोने, तोंडावर पडदा, अशी त्या घराण्याची रीत. जमनालालजी महात्माजींचे अनुयायी झाले व त्यांनी पत्नीस सोने सोडण्याविषयी पत्राने सुचविले. जानकीदेवींनी दागिने उतरविले ते पुन्हा घातले नाहीत. पडदाही सोडला. १९२१ च्या सुमारास घरातल्या विलायती कपड्यांची होळी झाली. त्यांनी रेशीम टाकून खादी धरली व त्या स्वतः सूत कातू लागल्या. पुढे त्यांनी शेकडो माणसांना कातायला शिकविले.

हे सर्व लेकरांच्या धबडग्यात चालले होते. त्यांना तीन मुली व दोन मुलगे. १९२३ साली नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात जमनालालजी तुरुंगात गेले, तेव्हा जानकीदेवींचे दिवस भरत आले होते. त्याच सप्टेंबरात धाकटा रामकृष्ण जन्मला. पुढच्या वर्षी बेळगावच्या काँग्रेसमध्ये सभासदाने दरमहा २००० वार सूत द्यावे असे ठरले. रोजचे ते सुमारे ६७ वार होते. जो बायका-पोरांच्या घरात राहतो त्याला कळेल की रोजचा तेवढा वेळ चोरूनच काढावा लागतो.

पुढे महात्माजी वर्ध्यास व १९३६ पासून शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहू लागले. देशभरचे पुढारी बजाजवाडीत उतरू लागले, आणि पाव्हणचार तर घरच्या लक्ष्मीच्याच माथी असतो. तरीही जानकीदेवी घरात अडकून पडल्या नाहीत. १९२८ साली त्यांच्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर हरिजनांस खुले झाले, त्यातही त्या पुढे होत्या. स्वातंत्र्याच्या लढ्यात त्यांनी तुरुंगवासही सोसला.

११ फेब्रुवारी १९४२ रोजी जमनालालजी वारले. जानकीदेवींनी दुःख गिळून त्यांचे गोसेवेचे काम हाती घेतले. पुढे विनोबाजींच्या भूदानात त्या फिरल्या व विहिरींसाठी कूपदान मिळविले. १९५६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. १९७९ साली त्यांचे निधन झाले.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्यांच्या घरी नोकरचाकर होते व सूत कातले नाही तर चूल विझणार नव्हती. त्यांनी व्रत म्हणून कातले, सासूबाईंनी पोटासाठी वळले. दोघींना एका तराजूत घालू नये. पण श्रीमंत घरच्या बाईने कातलेल्या सुताचे वार मोजले जात, वहीत मांडले जात. सासूबाईंच्या धाग्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. मला हेच लागले.

आता सूत काढण्याची यंत्रे आली आहेत, तरी आपल्यापैकी पुष्कळजणी अजून हाताचे काम करतात. कुणी कोसा वळते, कुणी शिवण करते, कुणी गोधड्या घालते. गेल्या दिवाळीपासून मी घरात एक वही घातली आहे. कापडाच्या हिशेबात मागाची मजुरी वेगळी व धाग्याची मजुरी वेगळी लिहिते. सुरुवातीस आमच्या घरचे हसले. महिनाअखेर बेरीज पाहिल्यावर गप्प झाले, आणि हल्ली दुपारी मी कामाला बसले की चहा स्वतः करून घेतात.

माझी मंडळाला विनंती आहे की, दुपारचे दोन तास आपण एकमेकींची लेकरे आळीपाळीने सांभाळावी आणि प्रत्येकीने आपल्या हाताच्या कामाची वही ठेवावी. सासूबाई आज हयात नाहीत. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मी त्यांचे नाव लिहिले आहे.